भाडं दिलं, घर सोडलं, तरी कोर्टाचा निकाल माझ्याविरुद्ध!

इंग्लंडात शिकायला येणाऱ्या मुलांनी हे जरूर वाचावं. लेस्टरला एमएस्सी करताना मी ज्या घरात भाड्याने राहत होतो, त्याचा करार 30 जून 2022 ला संपला. सगळं भाडं चुकतं केलं होतं. त्याच दिवशी किल्ल्या मालकाच्या हातात दिल्या आणि नवा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर कळवला. ‘ओके, थँक्स’ असं उत्तरही आलं. डिपॉझिट मात्र ‘आज देतो, उद्या देतो’ करत त्याने लटकवून ठेवलं.

हिवाळ्यात मोबाइलचं कॉन्ट्रॅक्ट घ्यायला गेलो, तर अर्ज नामंजूर. खोदून पाहिलं तेव्हा कळलं की जुलै-ऑगस्टचं भाडं थकवल्याबद्दल काउंटी कोर्टाने माझ्याविरुद्ध निकाल दिलाय. करार संपल्यानंतरचे महिने! दाव्यात मालकाने माझा जुनाच पत्ता घातला होता, म्हणजे त्याचं स्वतःचंच घर. कागद मला मिळालेच नाहीत, माझं उत्तर गेलं नाही आणि निकाल एकतर्फी लागला. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर असा निकाल 6 वर्षं क्रेडिट रेकॉर्डवर, म्हणजे कंपन्या तपासतात त्या पतीच्या नोंदीत, राहतो. शिक्षण संपवून भारतात परतलेल्या मुलांना तर याचा थांगही लागत नसेल. व्हिसाच्या काळजीने माझी झोप उडाली होती. पण हा दिवाणी मामला, फौजदारी गुन्हा नव्हे.

स्टुडंट्स युनियनच्या सल्लागार बाईंनी एन 244 फॉर्म भरून निकाल रद्द करायचा अर्ज करायला सांगितलं. फी 275 पौंड होती. उत्पन्न कमी असेल तर सवलत मागता येते. सोबत कराराचं तारखेचं पान आणि त्या ‘ओके, थँक्स’चा स्क्रीनशॉट जोडला. नवा पत्ता मालकाला ठाऊक होता, हे त्यावरून न्यायाधीशांना दिसलं आणि निकाल रद्द झाला.

डिपॉझिटमध्येही लबाडी निघाली. ते मिळाल्यापासून 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावं लागतं. तिन्ही योजनांच्या वेबसाइटवर शोधलं, कुठेच नोंद नाही. अशा वेळी कोर्ट मालकाकडून डिपॉझिटच्या 1 ते 3 पट रक्कम वसूल करून देऊ शकतं. मालकाला हे पत्राने कळवताच त्याने भाड्याचा मूळ दावाही मागे घेतला आणि डिपॉझिटही खात्यात आलं.

घर सोडताना नवा पत्ता लेखी कळवा आणि रॉयल मेलकडे टपाल वळवून घ्या. कोर्टाचा लिफाफा आलाच तर तसाच ठेवू नका: 14 दिवसांत दावा मिळाल्याची पोच कोर्टाला दिली की बचाव मांडायला एकूण 28 दिवस मिळतात.