सांगाडा खणखणीत, भिंती मात्र स्वतः विणा: इंग्रजी कॉटेजचा लाकडी किट

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका हॉबी शॉपमध्ये साडेचार हजारांना मिळणारा हा किट 1:24 मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढ्या प्रतिकृतीचा आहे. घर दोन खणांचं, एकेक खण 20 सेंमीचा, म्हणजे प्रत्यक्षात 16 फूट. इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी घरांचा खण साधारण तेवढाच असायचा.

पैसे वसूल होतात ते सांगाड्यात. तिथले सुतार ओक ओलाच वापरत, कारण वाळला की तो छिन्नीला दाद देत नाही. खाचेतलं आणि कुसवातलं (खाचेत बसणाऱ्या, बारीक केलेल्या टोकातलं) भोक मुद्दाम जरा पुढेमागे पाडत. सुकी लाकडी मेख ठोकली की ती कुसू आत खेचून घेते, आणि मेखेभोवतीचं लाकूड पुढे आकसलं तरी जोड हलत नाही. किटमध्ये भोकांचा हा फरक अर्ध्या मिमीचा ठेवलाय. जोडांवर रोमन आकड्यांसारख्या खुणाही कोरल्यात. घर जमिनीवर जुळवून, सोडवून, जागेवर पुन्हा उभं करायचं, म्हणून सुतार त्या करत. इथेही तसंच करा: प्रत्येक भिंतीची चौकट आधी आडवी पाडून जुळवा, मग उभी करा.

बिघडतं ते आपल्या हवेमुळे. ऑगस्टमध्ये फुगलेल्या पट्ट्या जोडल्या तर जानेवारीत सांगाडा सैल पडतो. पट्ट्या दोन दिवस एसीच्या खोलीत आणि मेखा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात ठेवा. सुकी मेख जोडात गेल्यावर फुगून बसते. तिचं टोक कानशीने निमुळतं केलं नाही तर ती भोकात अडकून चिरते. फेविकॉल टाळाच. त्यातल्या पाण्याने कुसू फुगतं आणि खाचेत अर्ध्यावरच अडकतं.

भिंतींना मात्र छापील प्लायचे तुकडे दिलेत, आणि इथे किटने घराचा जीवच काढून घेतलाय. ही मुळात कुडाची भिंत आहे. येऊरच्या पाड्यांत कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपतात, तिकडे हेझल नावाच्या झुडपाच्या फोकांवर माती, शेण आणि पेंढा. प्लाय बाजूला ठेवा. प्रत्येक चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीला खालून चार भोकं पाडा, खालच्या पट्टीवर सलग खोबण काढा. प्रत्येक उभ्या काडीचं वरचं टोक भोकात घालायचं आणि खालचं खोबणीतून सरकवत उभं करायचं; खरी भिंतही अशीच भरत. आडव्या विणीला खराट्याचे एक मिमीचे हीर तासभर भिजवून घ्या, कोरडे वळवले की तडकतात.

लिंपायला शाडू दोन भाग, चाळलेली बारीक रेती एक भाग आणि पाच मिमी कातरलेला काथ्या चिमूटभर. नुसता शाडू वाळताना भेगाळतो. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी अंगठ्याने दाबा, म्हणजे विणीच्या फटींतून माती मातीला भेटते. एकाच बाजूने लिंपलेला थर पोपडा होऊन सुटतो. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर. वरून दुधासारख्या पातळ कालवलेल्या चुन्याचे तीन हात. ओला असताना तो पारदर्शक दिसतो, म्हणून जाड थर देऊ नका. चुन्यापासून डोळे सांभाळा.

सोबतची काळ्या रंगाची पुडी वापरू नका. काळ्या-पांढऱ्या घरांचं रूप बरंचसं व्हिक्टोरियन काळातल्या आवडीचं आहे. त्याआधी पुष्कळ ठिकाणी ओक तसाच सोडत, तो उन्हापावसाने रुपेरी करडा होई, किंवा भिंतीबरोबर त्यालाही चुना लागे. खऱ्या घरांचं याहून मोठं नुकसान सिमेंटच्या गिलाव्याने झालंय. आत शिरलेलं पाणी त्यातून बाहेर पडत नाही आणि जोत्यावरची आडवी तुळई खालून कुजते. आपल्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींनाही सिमेंट असंच बाधतं.

खिडक्यांचं चौकटीदार प्लास्टिकही काढा. ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात 15व्या शतकातलं बेलीफ हे घर उभं आहे. त्याच्या खिडक्यांना काचा नाहीत, उभे लाकडी गज आणि झडपा आहेत. धूर जायला चिमणीही नाही. त्या काळचं घर करायचं असेल तर किटमधली विटांची चिमणी वगळा. तुमचं घर नंतरच्या काळातलं असेल तर ती शोभते.

छपराचा उतार 50 अंशांचा, बरोबर आहे. शाकारायला दिलेला काथ्या या मापाला फार जाड पडतो. फुलझाडूचे शेंडे घ्या आणि वळचणीपासून आढ्याकडे थरावर थर चढवत न्या.