सिंदबादचे तीन सिनेमे आणि एका टूलरूमवाल्याचा शेरा

इंडिकेटर नावाच्या ब्रिटिश लेबलने २०१७ साली, बाहुल्या चौकट-चौकट हलवून पडद्यावर राक्षस जिवंत करणाऱ्या रे हॅरीहाउझेनचे तीन सिंदबादपट एका पेटीत घालून ब्लू-रेवर आणले: ‘द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’ (१९५८), ‘द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’ (१९७३) आणि ‘सिंदबाद अँड द आय ऑफ द टायगर’ (१९७७). लंडनच्या भाच्याच्या मागे लागून मी ती मिळवली. नोकरी सगळी टूलरूममध्ये गेली, जिग आणि डाय करण्यात, त्यामुळे सिनेमाही मी तसाच बघतो. नट काय बोलतोय याच्यापेक्षा कुठला सांधा किती सैल आहे तिकडे डोळा जातो. ज्यांना अभिनयावर चर्चा हवी त्यांनी दुसरीकडे जावं. या तिन्ही सिनेमांत अभिनय करणारे मोजकेच आहेत, आणि त्यातले बरेचसे रबराचे आहेत.

पहिला सिनेमा ८८ मिनिटांचा. त्यात एक मिनिट फुकट गेलेलं नाही. जहाज बेटाला लागतं, सिंदबादची माणसं पाण्याच्या शोधात निघतात, तोच गुहेतून चेटक्या सोकुरा पळत येतो आणि त्याच्या मागे एकशिंगी, एकडोळ्या राक्षस. त्याला बोकडाचे पाय आहेत. हॅरीहाउझेनने ते मुद्दाम दिले, म्हणजे आत माणूस सोंग घालून चालतोय अशी शंका कुणाला येऊ नये. हाच राक्षस पुढे एका खलाशाला शिगेला बांधून विस्तवावर भाजायला घेतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या कृपेने आपल्या घरांत अरबी गोष्टी दीडशे वर्षांपासून आहेत, तेव्हा हा भाजण्याचा प्रकार सिंदबादच्या तिसऱ्या सफरीतला हे बऱ्याच जणांच्या लक्षात येईल. रुख पक्ष्याचं अंडं, त्यातलं पिल्लू मारून खाणं आणि मग आईचा कोप, हेही मूळचंच. फक्त पक्ष्याला इथे दोन डोकी आहेत. मूळ गोष्टीतला सिंदबाद व्यापारी. माल बुडतो, माल मिळतो, हिशेब होतो. इथे तो राजपुत्र झालाय आणि राजकन्या पॅरिसाला चेटक्याने वीतभर करून ठेवलंय. चालायचंच. स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या अल्हांब्रा राजवाड्याला बगदाद म्हणून खपवलंय, तेही चालायचं. राजवाडा देखणा आहे.

आता कामाचं बोलू. बाहुलीच्या आत धातूचा सांगाडा असतो, प्रत्येक सांध्याला बॉल जॉइंट. तो इतका घट्ट हवा की हात वर करून सोडला तर तिथेच राहील, आणि इतका मऊ हवा की बोटाने केसभर ढकलला तर केसभरच सरकेल. ज्यांनी कधी फिटिंग केलंय त्यांना विचारा, या दोन मागण्या एका सांध्यात बसवणं म्हणजे काय! हॅरीहाउझेनचे हे सांगाडे बराच काळ त्याचे वडील फ्रेड करून द्यायचे. ते पेशाने मशिनिस्ट. आई बाहुल्यांचे कपडे शिवायची. मुलगा तेरा वर्षांचा असताना १९३३ सालचा ‘किंग काँग’ बघून वेडा झाला आणि घरच्यांनी त्याला गप्प बसवायच्या ऐवजी लेथ चालू केली. हे वाचल्यापासून मला त्या वडिलांविषयी त्या मुलाइतकाच आदर आहे.

मग बाहुली टेबलावर उभी करायची. तिच्या मागे पडदा, त्यावर आधी खऱ्या नटांचं केलेलं चित्रण मागून पाडायचं, एकेक चौकट. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे मिनिटाला १,४४०. प्रत्येक चौकटीला बाहुली जराशी हलवायची, फोटो घ्यायचा, मागचं चित्रण एक चौकट पुढे सरकवायचं. पुढची जमीन दिसायला हवी म्हणून काचेवर काळा रंग लावून तेवढा भाग झाकायचा, आणि फिल्म उलटी नेऊन दुसऱ्या फेरीत फक्त तोच भाग घ्यायचा. दोन फेऱ्यांमधली रेघ जुळली की राक्षस वाळूत उभा दिसतो. आधीची चौकट पुन्हा बघायला मॉनिटर नाही. पाय कुठे होता हे ध्यानात ठेवायला त्या काळचे ॲनिमेटर सरफेस गेज, म्हणजे उभ्या दांड्याला लावलेली सुई, वापरत. होय, आपलाच, मार्किंगचा. पहिल्यांदा फोटोत तो बाहुलीच्या नाकाशी टेकवलेला पाहिला तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. या सगळ्या पद्धतीला ‘डायनामेशन’ म्हणायचं हे निर्माता चार्ल्स श्नीअरने ठरवलं, त्याच्या ब्यूक गाडीवर ‘डायनाफ्लो’ लिहिलेलं बघून. डायनाफ्लो म्हणजे ब्यूकची ऑटोमॅटिक गिअरची पद्धत. एवढं हातकाम, आणि नाव ऑटोमॅटिक गिअरवरून!

पहिल्या सिनेमातली हाडांच्या सांगाड्याबरोबरची तलवारबाजी बघायलाच पेटी उघडावी. सिंदबाद झालेला केर्विन मॅथ्यूज आधी एन्झो मुसुमेची ग्रेको या तलवारबाज उस्तादाबरोबर मोजून मोजून लढला, मग उस्ताद बाजूला झाला आणि त्याच चाली त्याने हवेशी केल्या. तलवार जिथे अडायला हवी तिथे त्याला स्वतःच्या मनगटाने अडवायची होती. सांगाडा नंतर टेबलावर भरला गेला. संगीतकार बर्नार्ड हेरमनने इथे झायलोफोन असा वाजवलाय की हाडावर हाड आपटल्यासारखं वाटतं. ब्रिटनमध्ये सेन्सॉरने ही मारामारी कापली होती. मुलं घाबरतील म्हणे. हाच सांगाडा १९६३ साली हॅरीहाउझेनच्याच ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मध्ये सात सांगाड्यांपैकी एक म्हणून पुन्हा कामाला आला. चांगलं टूल पुसून, तेल लावून ठेवायचं असतं.

‘गोल्डन व्हॉयेज’ मी शाळेत असताना पुण्याला अलका टॉकीजमध्ये थोरल्या भावाबरोबर पाहिला. कधी आणि कसा लागला होता ते सोडा, पण सहा हातांची काली तलवारी घेऊन जागी झाली तेव्हा थेटरात झालेली चुळबूज अजून आठवते. टाळ्या वाजवायच्या की हात जोडायचे ते कुणाला कळेना. शेवटी मूर्ती खाली पडून फुटते तेव्हा पुढच्या रांगेतून एक ‘अरेरे’ आलंच. आज बघताना राग येण्यासारखं बरंच आहे. काली लेमुरिया नावाच्या कुठल्याशा बेटावर, आणि तिचे भक्त हिरवा रंग फासलेले! पटकथा लिहिणाऱ्याला पूर्वेकडचं सगळं एकाच गोणीतलं वाटत असावं. मात्र नाच भरताना हॅरीहाउझेनने चाल अंदाजाने केली नाही. टंगुटुरी सूर्यकुमारी, तेलुगू सिनेमातली गाजलेली गायिका-अभिनेत्री, तेव्हा लंडनमध्ये राहायची. तिची मदत त्याने घेतली. मारामारीच्या तालमीला तीन स्टंटमन एकमेकांना बांधून सहा हात उभे केले, म्हणजे नटांना कुठल्या हाताकडे बघायचं ते कळावं. तुम्ही तो प्रसंग आवाज बंद करून बघा. सहा हात, सहा तलवारी, आणि प्रत्येक हाताची चाल वेगळ्या टप्प्यावर. एक जरी हात विसरला असता तर ती चौकट पुन्हा घेता आली नसती, मागची सगळी घ्यावी लागली असती.

या सिनेमाचा खरा नायक माझ्या मते खलनायक कूरा आहे. टॉम बेकरने तो केला आणि त्यातूनच त्याला बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेची मुख्य भूमिका मिळाली. कूरा प्रत्येक जादूनंतर म्हातारा होत जातो. जहाजाच्या नाळेवरची लाकडी बाई चालती केली, केस पिकले. पंखवाला चिमुकला हेर स्वतःच्या रक्ताने जिवंत केला, हात थरथरायला लागले. जादूचं बिल कुणीतरी भरतंय हे अशा गोष्टींत फार क्वचित दाखवतात. संगीत मिक्लोश रोझाचं, म्हणजे १९४० च्या ‘थीफ ऑफ बगदाद’चं ज्याने केलं तोच. त्या सिनेमातला चोर झालेला साबू म्हैसूरकडच्या माहुताचा मुलगा. तोही सिनेमा या पेटीत असता तर काय बिघडलं असतं? पण तो दुसऱ्या कंपनीचा.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. ११३ मिनिटं, त्यातली वीस तरी कापावीत. सिंदबाद झालाय हॉलिवूडचा बडा नट जॉन वेनचा मुलगा पॅट्रिक, सोबत तशाच टायरोन पॉवरची मुलगी टॅरिन. वडिलांच्या नावावर दोघांना जेवढं मिळायचं तेवढं मिळालं. बुद्धिबळ खेळणारं माकड मात्र अफलातून. राजपुत्राला शापाने माकड केलंय, आणि आरशात तोंड दिसल्यावर ते जे करतं ते त्या वर्षीच्या अर्ध्या नटांना जमलं नसतं. जॉर्डनमधल्या पेट्राचे डोंगरातले दगडी महालही सुरेख आले आहेत. पण मिनोटॉनचं काय केलंत? बैलाच्या डोक्याचा पितळी माणूस, छातीत सोन्याचं यंत्र धडधडतंय, एकटा नाव वल्हवतो. वाटतं, शेवटी याच्याशी जबरदस्त टक्कर होणार. आणि तो पिरॅमिडचा एक चिरा ओढतो, चिरा अंगावर पडतो, संपला. एवढं मशीन बांधून ट्रायलसुद्धा घेतली नाही! काही दृश्यांत त्या पितळी पोशाखात पीटर मेह्यू होता. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’मध्ये तो केसाळ चुबाका झाला. एकाच उन्हाळ्यात दोन्ही सिनेमे आले आणि टेबलावरच्या बाहुलीचे दिवस भरले.

चित्र इतकं स्वच्छ आहे की सांधे दिसतात. राक्षस यायच्या जरा आधी फिल्मचे दाणे जाडे होतात, रंग फिके पडतात, कारण मागचं चित्रण दुसऱ्यांदा फिल्मवर उतरलेलं असतं. लहानपणी हे आम्हाला भोंग्यासारखं होतं: चित्र मळकं झालं की समजायचं, आता काहीतरी येणार. संगणकावर ते पुसून टाकणं अवघड नव्हतं. पुसलं नाही, याबद्दल मी पेटीला एक गुण जास्त देतो. आपल्याकडे बाबुभाई मिस्त्रींनी १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत नाचवल्या आणि लोक त्यांना काळा धागा म्हणूनच ओळखू लागले. पुढे होमी वाडियांच्या अरबी थाटाच्या सिनेमांत असल्या करामतींचीच गर्दी. ‘अलीबाबा और चालीस चोर’ (१९५४), ‘हातिमताई’ (१९५६) अशा पेटीत, अशाच स्वच्छ प्रतीत बघायला मिळाले तर मी रांगेत पहिला उभा राहीन. तो दोरा दिसला पाहिजे.

जोडीला हॅरीहाउझेनच्या आवाजातलं निवेदन आहे, डायनामेशनची १९५८ ची जाहिरातफीत आहे आणि एक जाडसर पुस्तिका. निवेदन आधी ऐकू नका, सिनेमा बघून मग. हॅरीहाउझेन २०१३ मध्ये गेला. आवाजात कुठेही बढाई नाही, ‘इथे जरा घाई झाली’ अशा छापाचं बोलणं. उपशीर्षकं इंग्रजीच. नातवंडांना दाखवायचे असतील तर पहिला आणि दुसरा, त्याच क्रमाने. तिसरा पावसाळ्यात, लाइट जाण्याची शक्यता असेल तेव्हा.

मूळ आवृत्ती मर्यादित होती, त्यामुळे आता जुनी प्रत शोधावी लागेल आणि भाव विकणारा ठरवेल. भारत ब्लू-रेच्या सी विभागात येतो, तेव्हा पैसे देण्याआधी डिस्क कुठल्या विभागाची आणि आपला प्लेअर काय वाचतो ते तपासा. पहिल्या सिनेमाला पाचपैकी पाच, दुसऱ्याला साडेचार, तिसऱ्याला अडीच, त्यातले दोन माकडाचे. पेटी उसनी मागायला येऊ नये. घरी येऊन बघायला हरकत नाही, चहा मिळेल.