मॅग्नेशियम सल्फेट, १ किलो पाकीट: लघवीतनं फॉस्फरस काढायला वापरलं

शाहूपुरीतल्या एका कृषी दुकानातनं ६० रुपयांना घेतलं. दुकानदारानं विचारलं उसाला का भाजीला, मी म्हटलं लघवीतनं खत काढायचंय, तर जरा वेळ बघतच राहिला, मग म्हणाला जमलं तर मला पण सांगा.

तर जमलंय! आठवडाभर आमच्यात लघवी २० लिटरच्या कॅनात जमवली आणि झाकण घट्ट लावून तीन आठवडे तशीच ठेवली. तेवढ्यात युरियाचा अमोनिया होतो, सामू (pH) ९ च्या घरात जातो, मग फॉस्फरस खाली बसायला फक्त मॅग्नेशियम कमी असतंय. ७० ग्रॅम पावडर तांब्याभर पाण्यात विरघळवून ओतली, काठीनं १० मिनिटं ढवळलं, आणि काचेच्या ग्लासात थोडं घेऊन उन्हाकडं धरलं तर आत बारीक चमचम दिसायला लागली, थोड्या वेळानं तळाला रांगोळीसारखा पांढरा थर. हेच स्ट्रुवाइट, मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट. जुनं सुती धोतर चौपदरी करून गाळलं, सावलीत वाळवलं, ४८ ग्रॅम भरलं. कडक तापवायचं नाही, ५५ अंशाच्या वर अमोनिया उडायला लागतो. वास म्हणाल तर कॅन उघडताना डोळ्यात पाणी येतंय, वाळलेल्या पुडीला मात्र काहीच नाही.

यात फॉस्फरस साधारण साडेबारा टक्के असतो आणि पाण्यात हळूहळू सुटतो, त्यामुळं गच्चीवरच्या गुलाबाला, वांग्याला लावतानाच मातीत मिसळलं. नत्र आणि पालाश मात्र बहुतेक गाळलेल्या पाण्यातच राहतंय, ते गटारात सोडून पंचगंगेला पाठवू नका, दहापट पाणी घालून नारळाच्या बुडाला घाला.

एकराच्या हिशेबात बघाल तर माझ्या मापानं ५० किलोचं पोतं भरायला २० हजार लिटरच्या वर लघवी लागेल, घरात ते होणं नाही. पण तालमी, होस्टेल, एसटी स्टँडची मुतारी, तिथं रोज किती वाया जातंय बघा की! आपल्याकडं फॉस्फेटचा दगड मोरोक्को, जॉर्डनहून जहाजानं येतोय आणि इथं हे पाणी ओतून घालवतोय, मला खरंच वाईट वाटतंय.

पावडरीला पाचपैकी चार. एक कापला कारण दुसरं पाकीट ओल धरलेलं निघालं, आत सगळा गठ्ठा, बत्त्यानं फोडावा लागला आणि वजनाचा अंदाज चुकला. घेताना पाकीट दाबून बघा, भुसभुशीत लागलं तरच घ्या.