अर्थशास्त्राला बारावीचे टक्के पुरतात का?

माझी मावसबहीण यंदा अकरावी कॉमर्सला गेली. पहिल्याच आठवड्यात तिने फोन करून विचारलं, "दादा, बारावीला नव्वद टक्के पडले तर इकॉनॉमिक्सला चांगलं कॉलेज मिळेल ना?" मला एका वाक्यात उत्तर देता येईना. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय. २०२३ साली बारावीच्या टक्क्यांवर पुण्यात एफवायबीएला प्रवेश घेतला, आणि २०२४ साली सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा) देऊन दिल्ली विद्यापीठात पुन्हा पहिल्या वर्षाला बसलो.

पुण्यात फर्ग्युसन, एस. पी. अशा महाविद्यालयांत बीएची गुणवत्ता यादी बारावीच्या एकूण टक्क्यांवर लागते. राज्याने २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएससाठी सीईटी आणली, पण बीए त्यात नाही. दिल्लीत २०२१ पर्यंत हेच चालायचं. त्या वर्षी श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सची अर्थशास्त्र ऑनर्सची पहिली यादी थेट १०० टक्क्यांवर लागली होती. ९९ टक्केवाला बाहेर राहत असेल, तर वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका रांगेत लावण्यात अर्थ उरत नाही. २०२२ पासून तिथे सीयूईटी आली.

मला बारावीला ५४२ गुण होते, म्हणजे ९०.३३ टक्के. आयटीला ९८, बीकेला (बुककीपिंग) ९४, गणिताला ८४. गणिताच्या ८४ मधले २० गुण अंतर्गत होते आणि ते मला २० पैकी २० मिळाले होते. माझ्या आठवणीप्रमाणे वर्गात जवळजवळ सगळ्यांनाच तेवढे मिळाले. लेखी पेपरात ८० पैकी ६४. त्यातलेही बरेचसे ठरावीक प्रश्न सोडवून मिळवलेले. डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढता येत होता, पण तो काय सांगतो हे मला कळत नव्हतं. गुणपत्रिकेवर मात्र ८४ होते आणि घरात पेढे वाटले गेले.

या साऱ्याचा अर्थ पुण्यात पहिल्या सत्रात कळला. सरांनी फळ्यावर एकूण खर्चाचा वक्र काढला आणि त्याच्या उतारावरून सीमान्त खर्च, म्हणजे एक नग जास्त बनवायला येणारा खर्च, समजावायला घेतला. उतार म्हणजे काय, असं तिसऱ्या बाकावरून कुणीतरी विचारलं. सर मागे गेले, सरळ रेषेपासून सुरुवात केली आणि तास संपला. पुढच्या आठवड्यात लवचिकतेच्या वेळी पुन्हा तेच. विचारणाऱ्यांचा काहीच दोष नव्हता. माझ्या शेजारची मुलगी ९४ टक्के घेऊन आली होती, अतिशय हुशार, पण तिचं गणित दहावीलाच सुटलं होतं. तिचे टक्के संस्कृत आणि मानसशास्त्राने वर नेले होते. प्रवेश देताना तिला कुणी गणिताबद्दल विचारलं नाही आणि मलाही नाही. एकूण टक्केवारीत आमचा तो एक आकडा विरघळून गेला होता. शिकवायला उभे राहिलेल्या सरांना मात्र अख्खं सत्र गणिताला वळसा घालूनच शिकवावं लागलं.

माझ्यापुरता निर्णय या एका गोष्टीने केला. बाकी सगळं मी सोसलं असतं. पुढे एमएला चांगल्या संस्थेत जायचं तर कलन (कॅल्क्युलस) आणि संख्याशास्त्र लागणारच, आणि टक्क्यांवर भरलेल्या वर्गात ते मला एकट्याने उभं करावं लागलं असतं. एखाद्याला ते जमतही असेल. मला जमेलसं वाटलं नाही.

दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला सीयूईटीत एक भाषा, गणित आणि आणखी दोन विषय लागतात. गणिताला पर्याय नाही. एका पेपरात ६० मिनिटांत ५० प्रश्न, बरोबर उत्तराला पाच गुण, चुकल्यास एक वजा. २०२५ पासून सगळे प्रश्न सोडवावे लागतात. गणिताच्या पेपरात सामाईक भागानंतर उपयोजित गणिताचा पर्याय असतो. कॉमर्सच्या गणितातले मॅट्रायसेस, डिफरन्सिएशन, एलपीपी (लिनिअर प्रोग्रॅमिंग), टाइम सिरीज, इंडेक्स नंबर तिथे थेट कामाला येतात. भाषेचा पेपर मराठीचा देता येतो, आणि बाकीचे पेपर सोडवायलाही मराठी माध्यम निवडता येतं. हे आपल्याकडच्या फार थोड्या मुलांना माहीत आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अभ्यास मात्र एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या पुस्तकांचा करावा लागतो. बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकात मागणी, पुरवठा, बाजाराचे प्रकार, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्त हे सगळं नीट येतं. पण समवृत्ती वक्र आणि गुणक मला वेगळे शिकावे लागले. त्याला साधारण दोन महिने गेले. क्लास लावला नव्हता.

सीयूईटीत सगळं गोड आहे असंही नाही. २०२४ साली निकाल २८ जुलैला लागला. तोवर पुण्यातल्या माझ्या मित्रांचं दुसरं वर्ष सुरूही झालं होतं. दुसऱ्या वर्षाची फी भरायची की थांबायचं, यावर घरी रोज बोलणं व्हायचं आणि आई त्या काळात रात्रभर जागी असायची. वेगवेगळ्या सत्रांतल्या पेपरांचे गुण सामान्यीकरण करून जुळवतात. त्यामुळे आपला स्कोअर नेमका कसा आला हे घरी समजावून सांगता येत नाही. दिल्लीचं खोलीभाडं आणि मेसचा खर्च हाही लहान विषय नाही. घरची परिस्थिती ओढाताणीची असेल तर पुण्या-मुंबईतलं अनुदानित महाविद्यालय आणि घरचा डबा हाच शहाणपणाचा पर्याय ठरू शकतो. त्यात कमीपणा मानू नये.

बोर्डाच्या बाजूने आणखी एक गोष्ट मला दिल्लीत आल्यावर पटली. आपल्याकडे तीन तास बसून ८० गुणांचा पेपर लिहावा लागतो, कारणं द्या, सविस्तर उत्तर लिहा असे प्रश्न असतात. इथे माझ्या वर्गात असे काही जण होते की ज्यांनी वर्षभर फक्त चार पर्यायांतून एक निवडायचा सराव केला होता. पहिल्या अंतर्गत परीक्षेत दोन पानी उत्तर मांडताना ते अडखळले. मला ते सोपं गेलं. त्यामुळे बारावीला हलक्यात घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही. शिवाय सीयूईटीत दोघांचा स्कोअर सारखा आला, तर दिल्ली विद्यापीठ बारावीच्या सर्वोत्तम तीन विषयांचे गुण बघतं. ते टक्के अगदीच वाया जात नाहीत.

तरीही इथला पहिला सेमिस्टर आठवला की माझं पारडं कुठे झुकतं ते लपत नाही. सूक्ष्म अर्थशास्त्राच्या जोडीला गणिती पद्धतींचा एक पेपर आणि संख्याशास्त्राचा एक. बाईंनी फळ्यावर खर्चाचं फलन (फंक्शन) लिहिलं, डेरिव्हेटिव्ह घेतला आणि दहाव्या मिनिटाला त्या मक्तेदारीच्या नफ्यावर पोचल्या होत्या. उतार म्हणजे काय, असं कुणालाच विचारावं लागलं नाही. पुण्यात महिनाभरात न झालेलं त्या एका तासात झालं, आणि डेरिव्हेटिव्ह काय सांगतो हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

बहिणीला मी दुसऱ्या दिवशी परत फोन केला. नव्वद टक्क्यांवर महाराष्ट्रात बरं कॉलेज मिळेल, असं सांगितलं. मग विचारलं, विषय कोणते घेतलेस? मैत्रिणींबरोबर तिनेही गणित सोडून एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलं होतं, कारण त्यात गुण मिळतात. दिल्ली विद्यापीठात सीयूईटीचे विषय बारावीला शिकलेलेच असावे लागतात. म्हणजे ती वाट तिच्यासाठी अकरावीच्या फॉर्मवरच बंद झाली होती, आणि हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. विषय बदलायचा अर्ज शनिवारपर्यंत देता येतो. मावशीशी बोलून झालंय, आणि गणिताचं पुस्तक मी कालच कुरिअर केलंय.