मुंबईत खायला येताय? आधी वार बघा, मग हॉटेलचं नाव

मुंबईत दोन-तीन दिवस येणाऱ्या माणसाला "कुठे खायचं" याच्या याद्या रगड मिळतात पण त्यात वेळ कुणीच लिहीत नाही, आणि इथे सगळा घोळ वेळेचाच होतो. माणूस स्टेशनवर उतरतो, सामान टाकतो, अंघोळ करतो, संध्याकाळी मोठ्या हौसेने टॅक्सी करून फोर्टात, म्हणजे ऑफिसांच्या भागात, जातो आणि ज्याच्यासाठी गेला त्याचं शटर खाली. मग जे समोर उघडं दिसेल तिथे बसून पनीर खातो आणि घरी जाऊन सांगतो की मुंबईत काय खास नाही बुवा. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण इथली जुनी खाण्याची ठिकाणं त्या त्या वस्तीच्या वेळापत्रकावर चालतात. ऑफिसांच्या भागात दुपारी, माटुंग्यात सकाळी, दादरला जवळजवळ दिवसभर आणि भेंडीबाजारात रात्री. एवढं एक डोक्यात ठेवलंत तर अर्धं काम झालं.

सकाळ माटुंग्याची. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. मध्य रेल्वेची स्लो लोकल पकडा, दादरनंतरचं स्टेशन, फास्ट तिथे थांबत नाही. पूर्वेला उतरलात की पाच मिनिटांत तुम्ही वेगळ्याच गावात असता, देवळाबाहेर मोगऱ्याचे आणि अबोलीचे गजरे, केळीची पानं, भाजीवाल्याकडे सांबाराचे छोटे कांदे आणि कढीपत्त्याच्या जुड्या. दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेली माणसं इथे तीन-चार पिढ्या राहिलीत आणि त्यांच्यासाठी जी हॉटेलं निघाली तीच आज आपण शोधत जातो.

स्टेशनजवळ रामाश्रय आहे, 1939 पासूनचं. भल्या पहाटे उघडतं. मेन्यू फळ्यावर, तिथे उभं राहून वाचत बसू नका, मागची लाईन वैतागते. उपमा घ्या, मऊ, कढीपत्त्याचा वास असलेला, आणि अननसाचा शिरा मिळाला तर तो सोडू नका. थोडं पुढे किंग्ज सर्कलकडे चालत गेलात की कॅफे मद्रास, हे 1940 चं. बाहेर एक माणूस वही घेऊन उभा असतो त्याला नाव आणि किती जण ते सांगायचं आणि फुटपाथवर थांबायचं. रविवारी सकाळी नऊनंतर गेलात तर बराच वेळ जाईल हे धरून चला, मधल्या वारी साडेसातला गेलात तर बहुतेक सरळ आत. तुम्ही दोघंच असाल तर अनोळखी माणसांसोबत एका टेबलावर बसवतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, उलट शेजारचा काय खातोय ते बघून ऑर्डर द्या, मला तिथले निम्मे पदार्थ असेच कळले.

काय खायचं तर साधा मसाला डोसा तुमच्या गावात पण मिळतो. इथे पेसरट्टू घ्या, हिरव्या मुगाचा, कडेने कुरकुरीत आणि मध्ये जरा जाडसर. रसम वडा घ्या. हा वडा रसममध्ये इतका भिजलेला असतो की चमचा लावला की तुटतो, पण लगद्यासारखा होत नाही, आत उडदाचा दाणेदारपणा लागतो आणि मग मिरीचा ठसका मागून येतो. पावसाळ्यात तर याच्यासारखं काही नाही. बिसी बेळे भात, म्हणजे डाळ-भाज्या घातलेला कर्नाटकी मसालेभात, पण चांगला पण तो सकाळी सकाळी खाल्लात तर दुपारचं जेवण गेलं समजा. शेवटी फिल्टर कॉफी, ती वाटी आणि पेल्यातून दोन-चारदा वरून खाली ओतायची, फेस पण येतो आणि प्यायच्या बेताची पण होते.

आता महत्त्वाचं. सोमवारी माटुंग्याला जाऊ नका. कॅफे मद्रास सोमवारी बंद असतं आणि खाली ज्याच्याबद्दल सांगणार आहे ते रामा नायक पण. बाहेरगावची माणसं हमखास रविवार-सोमवार जोडून सुट्टी काढून येतात आणि नेमकं सोमवारी सकाळी तिथे जाऊन उभी राहतात.

दुपारचं म्हणाल तर दोन रस्ते आहेत. नॉनव्हेज खाणारे असाल, आणि आठवड्याचा मधला वार असेल तर सरळ सीएसएमटीला उतरून बॅलार्ड इस्टेटकडे चालत जा. ब्रिटानिया अँड कंपनी, 1923 सालचं इराणी हॉटेल, फक्त दुपारी जेवण, रात्री बंद. उंच छत, उडालेला रंग, जुन्या लाकडी खुर्च्या. काही लोकांना ते बघून वाटतं की एवढ्या नावाजलेल्या जागेची डागडुजी का नाही करत, मला मात्र तशीच आवडते, चकाचक केली की त्या भिंतींची मजा जाईल. इथे मटण बेरी पुलाव. मोकळा, केशरी-पिवळा भात, वर तळलेला कांदा, काजू, लालचुटुक बारीक बेरी आणि मटण भाताच्या खाली दडलेलं असतं. ती बेरी इराणची, झरेश्क म्हणतात, मनुकेच्या पण निम्मी असेल आणि चवीला चांगलीच आंबट. बिर्याणीच्या अपेक्षेने गेलात तर पहिल्या घासाला वाटेल की मसाला कमी आहे. थांबा जरा. भात, मटणाचा रस आणि ती आंबट बेरी एका घासात आली की मग कळतं की इथे तिखटपणाचं काम आंबटपणा करतोय. शाकाहारी लोकांसाठी पण बेरी पुलाव आहे, पण खरं सांगायचं तर शाकाहारी माणसाने मुंबईतली आपली एकुलती एक दुपार त्यावर घालवू नये असं माझं मत आहे. सोबत सल्ली बोटी, म्हणजे वर बटाट्याच्या तळलेल्या काड्या घातलेलं पारशी मटण, घेतलीत तर एक पुलाव दोघांत घ्या, कारण नंतर कॅरॅमल कस्टर्ड खायचंय, आणि ते खायचंच. ही पुलावाची रेसिपी मालक बोमन कोहिनूर यांच्या बायकोने इराणहून आणली असं सांगतात. बोमनजी 2019 ला गेले, नव्वदी ओलांडल्यावरसुद्धा ते टेबलांमधून फिरत आलेल्या माणसाची चौकशी करायचे, ज्यांनी ते बघितलंय ते अजून त्याच आठवणीने जातात.

रविवारी मात्र फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट हा सगळा पट्टाच ओस पडतो, बरीच ठिकाणं बंद असतात. जायचंच असेल तर आधी फोन करून विचारा.

शाकाहारी असाल किंवा नसाल तरी दुसरा रस्ता परत माटुंग्यालाच जातो. ए. रामा नायक यांचं उडिपी श्री कृष्ण बोर्डिंग, 1942 सालचं, स्टेशनसमोर मार्केटच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. पहिल्यांदा जाणारा जिना शोधत दोनदा पुढे निघून जातो. आधी गल्ल्यावर कूपन घ्यायचं, केळीच्या पानाचं घ्या, ताटलीच्या कूपनच्या फंदात पडू नका. पानावर भाज्या, पापड, लोणचं, गरम पुऱ्या नाहीतर पोळ्या, मग भात, भातावर सांबार, दुसऱ्या भातावर रसम, शेवटी दही-भात. वाढपी इतक्या झपाट्याने फिरतात की पानावर हात आडवा धरला नाहीत तर पुढची पळी पडलीच. हॉटेलात जेवल्यावर जो जडपणा येतो तो इथे येत नाही, भाजीत तेल तरंगत नाही, मसाल्याने जीभ बधिर होत नाही, रोजच्या जेवणासारखं जेवण आहे आणि ते मुळात घरापासून लांब राहणाऱ्या नोकरदारांसाठीच सुरू झालं होतं. त्या माणसांना महिनाभर रोज दोन वेळा तेच खायचं असायचं, त्यामुळे त्यात दिखावा नाहीच. दीडच्या आत पोचा, नाहीतर जिन्यात उभं राहावं लागेल.

संध्याकाळी दादर. पश्चिमेला उतरा, गर्दीला घाबरू नका, पर्स आणि मोबाईल पुढे घ्या आणि चालत राहा. शिवसेना भवनाजवळचं आस्वाद माहीत असेलच, 2015 ला लंडनच्या फूडी हबने तिथल्या मिसळीला जगातला सर्वात चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं तेव्हापासून बाहेरगावचे लोक मिसळीसाठीच येतात. मिसळ चांगली आहे, पण कोल्हापूर, नाशिककडचे असाल तर तिखटाच्या बाबतीत ती तुम्हाला सौम्यच वाटणार, दादरची मिसळ तशीच असते. मी तिथे पाहुण्यांना थालीपीठ आणि कोथिंबीर वडी खायला लावतो. साबुदाणा वड्यासाठी तिथून चालत प्रकाशला जा. बाहेरून खडबडीत आणि फोडला की साबुदाणा तारेसारखा ओढला जातो, दाण्याचं कूट जाडसर, सोबत पियूष. पियूष म्हणजे श्रीखंड पातळ करून प्यावं तसलं काहीतरी, जायफळ-वेलचीवालं, एक ग्लास दोघांत पुरे.

वडापावबद्दल भांडणं फार होतात आणि मी त्यात पडत नाही, पण दादरलाच आलात तर कीर्ती कॉलेजच्या गल्लीतल्या अशोक वडापावला जाऊन या. तिथली खासियत चुरा, वडे तळताना पिठाचे जे कण तेलात सुटतात ते कुरकुरीत तळून पावात भरतात. गाडीसमोर उभं राहूनच खा. पार्सल नेलंत तर चुरा नरम पडतो आणि मग तो साधा वडापाव.

रात्री मासे हवे असतील तर पण दादरच, सिंधुदुर्ग, गोमांतक, चैतन्य ही सगळी एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. इथे मला एक कळकळीने सांगायचंय, मेन्यूत सुरमई-पापलेट पहिलं दिसतं म्हणून तेच मागवू नका. बोंबील फ्राय मागवा. ताजा बोंबील पाण्यानेच भरलेला असतो म्हणून तो आधी वजनाखाली दाबून पाणी काढतात, मग मसाला, रवा आणि तवा. बाहेर रव्याचा कुरकुरीत थर आणि आत मासा इतका मऊ की चावायचं कामच नाही. हा मासा लांबच्या प्रवासात टिकत नाही त्यामुळे तुमच्या गावी तो असा मिळणं अवघड. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, तांदळाची भाकरी, भात आणि सोलकढी, झालं. वेटरला "आज ताजं काय आलंय" असं सरळ विचारा, ते खरं सांगतात. आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या दिवसांत येणार असाल तर माशांसाठी मुद्दाम बेत करू नका, त्या पैशात दुसरं बरंच काही खाऊन होईल.

उशिरापर्यंत जागायची तयारी असेल तर भेंडीबाजार-बोहरी मोहल्ला. सँडहर्स्ट रोडला उतरून चालत. नूर मोहम्मदी, 1923 चं, तिथली नल्ली निहारी, म्हणजे नळीच्या हाडासकट मंद आचेवर शिजवलेला मटणाचा रस्सा, आणि गरम रोटी, बास, दुसरं काही मागवू नका. मग ताज आइस्क्रीम, 1887 पासूनचं, अजून संच्यात बर्फ-मीठ घालून हाताने फिरवलेलं, सीझन असेल तर सीताफळ. रमजानमध्ये आलात तर मिनारा मशिदीच्या भागात इफ्तारनंतर मालपुवा आणि मातीच्या वाटीतली फिरनी. गर्दी मात्र तोबा असते, लहान मुलांना नेऊ नका.

इराणी चहाचं राहिलंच, धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर कयानी, 1904 चं, बन मस्का आणि खिमा पाव, सकाळी नाहीतर दुपारी चारच्या सुमाराला. गिरगावात आलात तर विनय हेल्थ होम, नाव कसंही असलं तरी मराठी नाश्त्याचं हॉटेल, आणि काळबादेवीत ठक्कर भोजनालयाची गुजराती थाळी, ती थाळी खायची असेल तर सकाळचा नाश्ता करूच नका.

गेटवेच्या आसपास मात्र जरा जपून. तिथल्या एका हॉटेलात, नाव घेत नाही, पाहुण्यांसोबत बसलो होतो तर "मालवणी थाळी" म्हणून टोमॅटोच्या ग्रेव्हीत मासा आला, खोबऱ्याचा पत्ताच नाही. फोटो काढायला तिथे जा, जेवायला दहा मिनिटं लांब चाला.

लोकलचं पण सांगून ठेवतो, सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उत्तरेकडे जाणारी गाडी टाळा. राहायला दादर-माटुंगा भागात जागा बघितलीत तर सकाळचं आणि संध्याकाळचं खाणं चालतच होतं, फक्त दुपारी खाली दक्षिणेला फोर्टकडे जायचं आणि रात्री भेंडीबाजार.

आणि कुणाची फक्त मधली गाडी असेल, पाच-सहा तास हातात, एकच जेवण होणार असेल तर मी डोळे झाकून रामा नायककडे पाठवतो. ब्रिटानिया जास्त नावाजलेलं आहे, मासे जास्त चमचमीत आहेत, तरी पण. जेवून खाली उतरलात की त्याच भागात मैसूर कन्सर्न्स म्हणून कॉफीचं दुकान आहे, वास येईलच, तिथे कॉफीत मिसळायची चिकोरी किती टक्के हवी ते सांगून ताजी दळलेली पावडर पाव किलो बांधून घ्या आणि मग स्टेशनला चला. फक्त सोमवार नसावा.