‘तणनाशक सोसणारं’ सोयाबीन: एका हंगामानंतरचा अनुभव

२०२४ च्या खरिपात दुकानातून एक नवं वाण आणलं. भाव घरच्या बियाण्याच्या दुपटीहून जास्त आणि कारण एकच सांगितलं: “काका, हे तणनाशक सोसतं. खुरपणीचं नावच काढू नका.” पिशवीला सत्यप्रत बियाण्याचा (सरकारी प्रमाणपत्र नसलेलं, कंपनीच्याच हमीवर विकलेलं) हिरवट टॅग होता, पण त्यावर या गुणाबद्दल एक अक्षर नाही. घरचं फुले संगम हे वाण होतंच. अर्ध्या रानात ते पेरलं, अर्ध्यात हे.

तण दोन-चार पानांवर असताना, चांगल्या ओलीवर, दोन्हीकडे इमॅझेथापायर १० टक्के हे तणनाशक मारलं, एकरी ४०० मिली. दोन्ही पिकं पिवळी पडली, थोडे दिवस थबकली आणि सारखीच सावरली. सावरणारच. सोयाबीन हे पीकच इमॅझेथापायर पचवतं; औषध पानात गेलं की झाड त्याची मोडतोड करून टाकतं. जुनं जेएस ३३५ वाणसुद्धा हे सोसत आलंय. मग जादा पैसे कशाचे घेतले?

कोणतं तणनाशक सोसतं, असं दुकानदाराला विचारलं तर उत्तर आलं, “सगळीच चालतात.” हे धोक्याचं आहे. अमेरिकेत १९९६ पासून जे ग्लायफोसेट (तण-पीक न बघता बहुतेक हिरवं सगळं मारणारं तणनाशक) सोसणारं सोयाबीन आहे, त्यात बाहेरचं जनुक घातलेलं असतं. आपल्याकडे त्याच्या लागवडीला परवानगी नाही. दुकानदारावर भरवसा ठेवून कुणी उभ्या सोयाबीनवर ग्लायफोसेट मारलं, तर तणाबरोबर पीकही जळेल. भरपाई कोण देणार? मला याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

आता केना या तणाचं. गवत आणि माठ औषधाने बसले. केना कोवळा होता तिथे दबला, पण कांड्यावर आलेला नुसता पिवळा पडून पुन्हा शेंड्याने फुटला. एक झाड अलगद उपटून माती झटकून बघा. वर निळी फुलं असतात ती सगळ्यांना माहीत आहेत, पण बुडाशी मातीत पांढऱ्या फुटव्यांवर न उमलणारी फुलंही असतात आणि तीही बी धरतात. कांड्याकांड्याला मुळं फुटतात, त्यामुळे उपटून बांधावर टाकला तरी पावसाच्या एका सरीत पुन्हा धरतो. शेवटी दोन कोळपण्या आणि एक खुरपणी करावीच लागली, नव्या वाणातही. ग्लायफोसेटवालं बियाणं आलं की सुटलो, असं आमच्याकडे बरेच जण म्हणतात. खुरपणीला बाया मिळत नाहीत, तेव्हा ती मागणी मला समजते. पण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेट सोसणारा कापूस पसरल्यावर हाच केना तिथलं मोठं डोकेदुखीचं तण झाला, कारण ग्लायफोसेटला तो नीट दबत नाही. ज्याच्या रानात केना आहे त्याने हे आधी लक्षात घ्यावं.

काढणीपर्यंत या वाणावर मी फुली मारून ठेवली होती. ती आता अर्धी पुसतो. हे संगमच्या आधी काढणीला आलं, वाळताना शेंगा तडकल्या नाहीत आणि त्या तुकड्यात हरभरा चांगल्या ओलीवर पडला. उतारा संगमपेक्षा थोडा कमीच. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजार त्याच्याही खाली होता; अशा वर्षी पोतं-अर्धं पोतंही जाणवतं. तरी लवकर येणारं वाण म्हणून हे चांगलं आहे. तेवढंच सांगून विकलं असतं तर तक्रार नव्हती.

पुन्हा विकत घेणार नाही, घ्यायची गरजही नाही. सोयाबीन सरळ वाणाचं पीक आहे, संकरित नाही; घरचं बियाणं तीन वर्षं चालतं आणि २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने घरचं बियाणं राखून पेरणं हा आपला हक्क आहे. यातलंच निवडून ठेवलंय. पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून बघायचे, ७० उगवले की झालं.

तुम्हाला दुकानात कुणी ‘तणनाशक सोसतं’ म्हणून जादा भाव सांगितला, तर कोणतं तणनाशक ते बिलावर नावानिशी लिहून मागा. लिहून देत नसेल तर पिशवी तिथेच ठेवा.