पॅनेल 330चं, वीज 113ची

आमच्या घरापर्यंत विजेची लाइन आलेली नाही, लवकर येईल अशी चिन्हंही नाहीत. म्हणून दीड वर्षापूर्वी स्वस्तातला सोलर संच घेतला: 330 वॅटचं एक पॅनेल, पॅनेलची वीज बॅटरीत सोडणारा 30 अँपिअरचा कंट्रोलर, 12 व्होल्ट 150 एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर. मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे दिवे-पंख्याइतकीच मला मशीनच्या मोटरची काळजी होती.

पहिले तीन महिने मी बॅटरीला शिव्या घातल्या. रात्री दहा वाजताच इन्व्हर्टर टूं टूं करायला लागायचा. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं, "ताई, लोड जास्त होतोय." कसला लोड? दोन बल्ब, एक पंखा, राउटर आणि दुपारी दोन तास मशीन! शेवटी एका कडक उन्हाच्या दुपारी, बॅटरी अर्धी रिकामी असताना, वही घेऊन कंट्रोलरसमोर बसले. स्क्रीनवर 13 व्होल्ट, 8.7 अँपिअर. गुणाकार केला: 113 वॅट. चुकलं असेल म्हणून परत केला. तेवढाच.

चोर सापडला तो कंट्रोलरमध्ये. तो पीडब्ल्यूएम जातीचा. असा कंट्रोलर पॅनेल थेट बॅटरीला जोडतो, की पॅनेलचे व्होल्ट बॅटरीच्या पातळीवर खाली येतात. आमचं पॅनेल 72 सेलचं (सेल म्हणजे पॅनेलमधले वीज बनवणारे चौकोन), साडेसदतीस व्होल्टच्या आसपास पूर्ण ताकद देणारं. अँपिअर काही वाढत नाहीत, वरचे चोवीस व्होल्ट फुकट. निम्म्या व्होल्टच्या, 36 सेलच्या पॅनेलबरोबर हाच कंट्रोलर नीट चालला असता. वस्तू वाईट नव्हती, जोडी वाईट होती, आणि ती लावली संच बनवणाऱ्यांनी. पदरचे पैसे घालून एमपीपीटी कंट्रोलर बसवला. तो जास्तीचे व्होल्ट उतरवून अँपिअर वाढवतो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी 20 अँपिअर दिसले, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून ते दाखवलं. पूर्ण 330 कधीच मिळत नाहीत, कारण तो आकडा 25 अंशांच्या सेलवर मोजलेला असतो आणि उन्हात पॅनेल चांगलंच तापतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दुसरा चोर इन्व्हर्टर. काहीही न चालवता तो 14 वॅट खातो. चोवीस तासांचे झाले 336 वॅट-तास! बॅटरी कागदावर 1800 वॅट-तासांची असली तरी अशी लेड-ॲसिड (शिसं आणि आम्लाची) बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हातात उरतात 900. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त नुसता जागं राहण्यासाठी. आता बल्ब 12 व्होल्टचे लावलेत, राउटरही थेट बॅटरीवर, पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तोही बॅटरीवरच. इन्व्हर्टर फक्त शिवायला बसले की चालू. मशीन चालतं, पण मोटर घूं घूं करते, कारण इन्व्हर्टरच्या विजेची लाट शुद्ध साइन, म्हणजे लाइनच्या विजेसारखी गुळगुळीत, नाही. इस्त्रीचं नाव काढू नका. हजार वॅटची इस्त्री लावली तर इन्व्हर्टर जागच्या जागी मान टाकतो.

आणखी एक, यावर मी खरंच चिडले होते: बॅटरीजवळ फ्यूजच दिला नव्हता. इतक्या मोठ्या बॅटरीच्या वायरी एकमेकींना टेकल्या तर आग लागायला वेळ लागत नाही. तो मी स्वतः आणून बसवला.

ढगाळ दिवशी दोन-तीन अँपिअरवर समाधान मानावं लागतं. सलग तीन दिवस तसे गेले की मी पायाने मशीन चालवते आणि ब्लाउजच्या तारखा पुढे ढकलते.

पाचपैकी तीन. पॅनेल आणि बॅटरीला चार दिले असते. संच घेणारच असाल तर दुकानात एवढंच विचारा, "कंट्रोलर एमपीपीटी आहे का, आणि पॅनेल किती सेलचं?" समोरचा लोडवर बोलायला लागला, तर सुटं सामान घ्या.